अकराची गोळी

मी एकतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. लोकांना वाटतं गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात बसून हिरवी झेंडी हलवणारा माणूस. हलवावी लागते, नाही असं नाही. पण गार्डचं खरं काम लिहिण्याचं असतं. गाडी कुठे किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटं उभी राहिली आणि का उभी राहिली, हे सगळं डायरीत. त्यातला 'का'चा रकाना सगळ्यात भांडणाचा. उशीर कोणाच्या नावावर टाकायचा यावरून मी ड्रायव्हरांशी भांडलो, स्टेशनमास्तरांशी भांडलो, पण माझ्या रकान्यात दुसऱ्या कोणाला पेन टेकवू दिलं नाही.

रिटायर झाल्यावर रायपूरच्या शंकर नगरात घर बांधलं आणि डायरी बंद केली. ती पुन्हा उघडली बायकोच्या गोळ्यांसाठी. त्याला कारण झाल्या गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्या.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेत लागून रायपुरात आले ते महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे ट्रंकेत घालूनच. मी थोरला, म्हणून त्या माझ्याकडे बसतात. भाद्रपदात तीन दिवस. पहिल्या दिवशी ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघींसाठी पत्र्याच्या दोन उंच कोठ्या उभ्या करायच्या, त्यांना साड्या नेसवायच्या आणि मुहूर्त संपायच्या आत वर मुखवटे चढवायचे. साड्या नेसवायचं काम थोरल्या सुनेचं. पद्मिनीनं, माझ्या बायकोनं, ते चौतीस वर्षं केलं. पत्र्याच्या कोठीला कंबर नाही, खांदा नाही, साडी घसरत राहते. पण पद्मिनीनं घातलेली निरी तीन दिवस जागची हलायची नाही. ओळखीच्या बायका प्रसाद घ्यायला म्हणून यायच्या आणि निऱ्या बघत बसायच्या.

गेल्या वर्षी कनिष्ठेची चौथी निरी घालताना तिचा हात थांबला. कंपवात आहे हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं, हात थरथरतो हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. पण हे थरथरणं नव्हतं. बोटं साडीवर तशीच आखडली, सुटेचनात. वीसेक बायका समोर बसलेल्या. मुहूर्ताची दहा मिनिटं उरलेली. शेवटी माझी भावजय प्रमोदिनी उठली, तिनं पद्मिनीची बोटं एकेक करून सोडवली आणि उरलेली साडी स्वतः नेसवली. कशीबशी.

संध्याकाळी प्रमोदिनी पद्मिनीजवळ येऊन बसली. "वैनी, पुढच्या साली महालक्ष्म्या आमच्याकडे घेऊन जाऊ न. तुमचे हाल होऊन राहिले. ब्राह्मणपाऱ्यात आमचं घर मोठं आहे, मी करीन सगळं."

प्रमोदिनी वाईट नाही, हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. तिच्या बोलण्यात माया होती आणि मुखवट्यांवर डोळाही होता. दोन्ही खरं.

पद्मिनी म्हणाली, "एक साल दे मले. पुढच्या साली दोघींच्या साड्या मी एकटीनं नेसवल्या तर त्या इथंच राहतील. नाही जमलं तर मुखवटे घेऊन जा. ट्रंक मीच भरून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी डायरी आणून रकाने आखले.

पद्मिनीला दिवसाला आठ गोळ्या. पहाटे उठल्याबरोबर थायरॉइडची, त्यावर तासभर चहा नाही. नऊला बी.पी.ची. रात्री जेवणावर कॅल्शियमची आणि झोपताना एक. या चार गोळ्यांचं काही नाही, त्या गरीब प्रवासी गाड्या, आपापल्या येतात-जातात. खरी गाडी म्हणजे कंपवाताची गोळी. सात, अकरा, तीन आणि पुन्हा सात. ही गोळी चढली की पद्मिनी दोन-अडीच तास पूर्वीची पद्मिनी. उतरली की चमचासुद्धा तोंडापर्यंत जात नाही. या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर पूर्वी नागपूरला होता. रायपूर राजधानी झाल्याचा आम्हाला झालेला एकमेव फायदा म्हणजे असा एक डॉक्टर आमच्याही गावात आला. बाकी नुसते खोदलेले रस्ते आणि लाल दिव्याच्या गाड्या.

मी गोळी द्यायचो ती रेडिओच्या ठोक्याला. अकरा म्हणजे अकरा. एका रकान्यात गोळी दिल्याची वेळ, दुसऱ्यात हात सुटल्याची वेळ, तिसऱ्यात उशीर किती, चौथ्यात का. आमच्या मुलाची, स्वानंदची बायको पूर्णिमा हसायची. ती रायपुरातच वाढलेली, मराठी सगळं समजतं, पण चिडली किंवा हसायला लागली की हिंदीवर जाते. "बाबा, मम्मी जी मालगाड़ी हैं क्या?" असं विचारायची. मी म्हणायचो, "मालगाडी असती तर बरी. सिग्नल तरी दिसला असता."

कारण गाडी वेळेवर सुटत होती, पण पोचत नव्हती. अर्ध्या तासात सुटायला हवा तो हात कधी दीड तासानं सुटायचा. कधी सुटायचाच नाही, तोवर तीनची गोळी यायची. अकराच्या गोळीचे तर फारच हाल. 'का'च्या रकान्यात मी काय काय लिहिलं! थंडी. धावपळ. पाहुणे. हलकं औषध, आणि त्यावरून पंडरी बाजारातल्या औषधवाल्याशी भांडणही करून आलो. बिचाऱ्यानं मला बाटलीवरची तारीख चष्मा लावून वाचायला लावली. दिवाळीपर्यंत पद्मिनीचं अक्षर इतकं बारीक झालं की तिनं लिहिलेली किराण्याची यादी पूर्णिमाला वाचता येईना. मुंग्या चालल्यासारखं अक्षर. मग तिनं लिहिणं सोडलं. यादी तोंडी सांगायची. उन्हाळ्यात एकदा मी तिला ट्रंकेजवळ बसलेली पाहिली. मुखवटे फडक्यात गुंडाळून ठेवायचा सराव करत होती. मला पाहून म्हणाली, "बांधता तर आले पाहिजे न." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र होती. चतुर्थी-एकादशीला पद्मिनीचा उपास. त्या दिवशी अकराची गोळी हमखास वेळेवर चढायची. पद्मिनी म्हणायची, "देवाची कृपा. लिहा." मी लिहायचो. उशीर नसेल तर 'का'च्या रकान्याचं मला फारसं काही नसतं, गार्डला उशिराचं कारण लागतं, वेळेवर आलेल्या गाडीची चौकशी कोणी करत नाही. हीच माझी चूक.

श्रावण आला आणि उपास वाढले. सोमवार आले. पद्मिनीनं शनिवारही धरले. पंधरवड्यात सहा-सात दिवस गाडी राइट टाइम. श्रावण निम्मा सरला तेव्हा ती मला म्हणाली, "अहो, मी आता रोजच उपास करते. महालक्ष्म्यांपर्यंत. देवीलेच तसं पाहिजे."

"वेडी झाली का? वीस दिवस उपाशी राहशील आणि कोठीच्या आधी तूच खाली पडशील!"

"मग काय करू? तुमच्या डायरीनं सुटला का माझा हात? देवीनं सोडवला!"

मी तावातावानं डायरी आणून तिच्यासमोर आपटली. पूर्णिमा शाळेच्या वह्या तपासत बसली होती, ती आवाजानं बाहेर आली. तिनं डायरी उचलली आणि शिक्षिकेच्या सवयीनं लाल पेन घेऊन उपासाच्या प्रत्येक दिवसाला गोल करत गेली. अकरा महिन्यांचे गोल. मग पद्मिनीला विचारलं, "आई, उपासाला तुम्ही काय खाता?"

"काय खाणार! दुपारी उशिरा रताळं, केळं. शेंगदाणे मले पचत नाहीत, म्हणून साबुदाणाही नाही."

"और दूध?"

"उपासाला दूध कुठं? स्वानंदच्या नोकरीसाठी मी बोलले होते देवाले, उपासाच्या दिवशी दूध घेणार नाही म्हणून. सोडलं ते सोडलंच."

पूर्णिमा माझ्याकडे वळली. "आणि बाकीच्या दिवशी गोळी कशासोबत देता, बाबा?"

बाकीच्या दिवशी आमच्याकडे साडेदहाला जेवण, ही माझी ड्युटीच्या काळातली सवय. वरण-भात, पोळी. त्यावर अकराची गोळी. आणि गोळी दुधासोबत. ग्लासभर, साय न काढता. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी कागदावर 'खाली पेट', म्हणजे रिकाम्या पोटी, असं लिहिलं होतं. तशी दिली तेव्हा पद्मिनीला मळमळलं. मग मी माझं डोकं चालवलं. गोळ्या गरम पडतात, त्यावर दूध हवं, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं, आणि रेल्वेच्या दवाखान्यातून आणलेली प्रत्येक गोळी मी जन्मभर दुधासोबतच घेतलेली. बायकोला पाण्यासोबत कोरडी गोळी द्यायला मी काय कसाई होतो?

डॉक्टरनं ऐकून कपाळाला हात लावला. "दूध के साथ? किसने बोला?"

मी म्हणालो, "मैंने."

त्यानं मग नीट समजावून सांगितलं. ही गोळी पोटातून अंगात जाते त्याच वाटेनं दुधातलं, डाळीतलं सत्त्व जातं. दोघं एका वेळी गेले की वाटेत गर्दी, आणि गोळी मागे राहते. गोळी पाण्यासोबत, जेवणाच्या तासभर आधी. मळमळलं तर दोन घास मुरमुरे. वरण रात्री. एखाद्या वेळी गोळीला अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर घाबरायचं नाही, पण नंतर दोन एकदम द्यायच्या नाहीत. आणि रोज उपास तर मुळीच नाही.

म्हणजे अकरा महिने मी रुळावर समोरून दुसरी गाडी सोडत होतो आणि उशीर थंडीच्या, पाहुण्यांच्या, औषधवाल्याच्या नावावर टाकत होतो. घरी येऊन मी डायरी घेतली आणि मागच्या सगळ्या पानांवर 'का'च्या रकान्यातलं खोडून एकेक शब्द लिहीत गेलो: गार्ड. गार्ड. गार्ड. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पद्मिनीला मी ती पानं दाखवली नाहीत. तिला फक्त म्हणालो, "चुकलं माझं." चाळीस वर्षांत हे वाक्य तिनं बहुधा पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "हव. दूध मात्र चांगलं होतं." आणि हसली.

महालक्ष्म्यांना अठरा दिवस उरले होते. जेवण साडेदहाचं बाराला गेलं. माझं पोट आठवडाभर कुरकुरलं, पण मी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अकराची गोळी साडेअकराला चढायला लागली. पाचव्या दिवशी पद्मिनीनं स्टुलाला माझं धोतर नेसवून निऱ्या घातल्या. मग रोज.

आवाहनाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी दीडपर्यंत. माझा हिशोब चोख: अकराला गोळी, साडेअकराला हात, साडेबारापर्यंत दोन्ही साड्या, वर तासभर शिल्लक. फक्त साड्या घरात नव्हत्या. त्या प्रमोदिनीनं घेतल्या होत्या, पंडरीला फॉल लावायला टाकल्या होत्या आणि येताना घेऊन येणार होती. पावणेअकराला तिच्यासोबत गेलेला माझा धाकटा भाऊ श्यामकांत याचा मोबाइलवरून फोन आला. कारागीर अजून फॉल लावतोच आहे. आणि रस्त्यात कोणी साहेब जाणार म्हणून पोलिसांनी चौक बंद केलेत.

अकराचा ठोका पडला. मी पाणी आणि गोळी घेऊन उभा राहिलो.

पद्मिनी म्हणाली, "आता नाही."

"आता नाही म्हणजे? अकरा वाजले!"

"वाजू द्या. साड्या कुठं आहेत?"

"त्या येतील. गोळी वेळेवर गेली पाहिजे. अठरा दिवस एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही!"

"अहो, आता घेतली आणि त्या दोन वाजता आल्या तर माझा हात काय तुमच्या डायरीले साडी नेसवेल? डॉक्टर बोलला न, अर्धा-पाऊण तास चालते म्हणून. साड्या पंडरीहून निघाल्या की द्या."

"तुला त्रास होईल."

"होऊ द्या."

मी गोळी हातात धरून बसलो. सव्वाअकरा. तिचा अंगठा बोटावर घासायला लागला. साडेअकरा. उजवा हात मांडीवर आखडून पडला, चेहरा घट्ट झाला. पूर्णिमा आतबाहेर करत होती, "बाबा, दे दो ना," म्हणत होती. मला वाटत होतं गोळी सरळ तिच्या तोंडात घालावी. एकतीस वर्षं मी झेंडी दाखवली तशी गाडी सुटली होती. पण गाडी चालवत होती पद्मिनी. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

अकरा चव्वेचाळीसला फोन वाजला. श्यामकांत ओरडला, "भाऊ, साड्या हातात! निघालो!"

पद्मिनीनं तोंड उघडलं. मी गोळी दिली, पाणी पाजलं. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं ते मी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

बारा वीसला प्रमोदिनी घामाघूम होऊन आत आली. मागून बायकांचा घोळका. पद्मिनी कोठ्यांसमोर पाटावर बसलेली, हात मांडीवर तसाच. प्रमोदिनीनं एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खरंच उतरला, हे मी पाहिलं.

"वैनी, राहू द्या न. मी नेसवते."

"थांब."

"दीडचा मुहूर्त आहे, वैनी."

"मले माहीत आहे. थांब."

मग प्रमोदिनीला काय करावं सुचेना. तिनं पिशवीतून देवळातला पेढा काढून पद्मिनीच्या तोंडाशी नेला. "प्रसाद तरी घ्या."

मी पुढे झालो. माझ्या तोंडातून ओरडा निघणारच होता, की पद्मिनीनं तोंड फिरवलं. "पदराले बांध माझ्या. नंतर खाईन." प्रमोदिनीनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण पेढा पदराला बांधला. बायकांत कुजबुज सुरू झाली. प्रसादाला नाही म्हणाल्या, असं कोणीतरी म्हणालं. म्हणू दे. मी घड्याळाकडे बघत होतो. बारा पंचवीस. बारा अठ्ठावीस.

बारा एकतीसला तिची तर्जनी उचलली गेली. मग मधलं बोट. मग तिनं मूठ उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"आणा साडी."

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगताना मला अजून भरून येतं. तिनं ज्येष्ठेची हिरवी साडी एका झटक्यात उलगडली. कोठीला वेढा दिला, खोचली, निऱ्या घातल्या. एक, दोन, तीन. चौथ्या निरीला सगळ्या बायकांच्या माना पुढे झाल्या. गेल्या वर्षीची चौथी निरी सगळ्यांच्याच लक्षात होती. चौथी झाली. पाचवी झाली. बारा चोपन्नला ज्येष्ठा उभी. कनिष्ठेची साडी जांभळी, कोरी, कडक, हातातून निसटणारी. पद्मिनी तिला दटावत होती, "सीधी राह न गं," असं कोठीशी बोलत होती. पिना तोंडात धरलेल्या. कोणी मदतीला सरकलं की कोपरानं मागे सारत होती. एक सतराला तिनं शेवटची पिन लावली. मुखवटे मी आणि श्यामकांतनं चढवले तेव्हा एक चोवीस झाले होते. सहा मिनिटं बिफोर टाइम! शंख माझा भाऊ वाजवणार होता, पण त्याला फुंकायला जमेना. तो रडत होता.

प्रमोदिनी कनिष्ठेच्या निऱ्यांजवळ खाली बसली. तिनं एक निरी हलकेच ओढून पाहिली. हलली नाही. मग ती मागे वळली आणि तिथल्या तिथे पद्मिनीच्या पायाशी वाकली. पद्मिनीनं तिला उठवलं आणि म्हणाली, "तुझा पदर बघ कसा झाला. गाडीत बसून चुरगळला न सारा." आणि वीस बायकांसमोर तिनं प्रमोदिनीच्या पदराच्या घड्या सोडून नव्यानं घातल्या, खांद्यावर पिन लावून दिली.

प्रमोदिनी नाक पुसत म्हणाली, "पुढच्या साली मी किती वाजता येऊ, वैनी?"

"नऊ वाजता. आणि फॉल आधल्या दिवशी लावून घे."

मी कोपऱ्यात जाऊन डायरी काढली. अकराची गोळी, दिली अकरा चव्वेचाळीस, हात सुटला बारा एकतीस. उशिराच्या रकान्यापाशी मी अडलो. एवढ्यात पद्मिनी पदराची गाठ सोडत जवळ आली. तिनं डायरी माझ्या हातातून घेतली आणि मागची पानं चाळली. अकरा महिन्यांचे खोडलेले शब्द आणि प्रत्येकाखाली 'गार्ड'. ती बघत राहिली. मी खाली मान घालून उभा.

"पेन द्या," ती म्हणाली.

मी दिलं. तिनं भिंतीला डायरी टेकवली आणि लिहिलं: 'दोघी वेळेवर बसल्या. पद्मिनी.' वर्षभरात तिनं पहिल्यांदा काही लिहिलं होतं, आणि अक्षर इतकं मोठं की ते उशिराच्या रकान्यातून निघून 'का'च्या रकान्यावरून थेट पानाच्या कडेपर्यंत गेलं.

माझ्या रकान्यात मी कोणाला पेन टेकवू दिलं नव्हतं. आज ती लिहीत होती तोवर मी डायरी भिंतीशी घट्ट धरून ठेवली होती, म्हणजे पान हलू नये. मग तिनं पेढा मोडला आणि अर्धा मला दिला.